एका आकाशात शेकडो विमानं: एका गाजलेल्या फोटोची उलटतपासणी

हा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणार. खाली विमानतळ, वर मोकळं आकाश, आणि त्या आकाशात एकाच वेळी उडालेली शेकडो विमानं. लहान, मोठी, पंखाला पंख लावून, सगळी एकाच दिशेला. व्हॉट्सॲपवर "जगातला सर्वात व्यस्त विमानतळ बघा" अशा ओळीखाली तो फिरतो. कॉन्फरन्समध्ये तर निम्म्या लोकांच्या पहिल्या स्लाइडवर असतो: बिग डेटा, शहरी वाहतूक, हवामानबदल, काहीही विषय असो.

माझ्याही पहिल्या स्लाइडवर होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. आधी फोटोबद्दल बोलू, कारण तो चांगला आहे आणि त्याच्यावर नीट टीका फारशी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. "फोटोशॉप आहे, खोटा आहे" एवढं म्हणून सोडून देणं ही टीका नव्हे.

या जातीच्या चित्रांत सगळ्यात गाजलेलं चित्र माइक केली या छायाचित्रकाराचं. हा मूळचा इमारतींचे फोटो काढणारा माणूस, लॉस एंजेलिसमध्ये राहणारा. २०१४ मध्ये त्याने तिथल्या विमानतळावरून, म्हणजे एलएएक्सवरून, उडणाऱ्या विमानांचे शेकडो फोटो काढले, प्रत्येक विमान कापून वेगळं केलं आणि सगळी एका आकाशात बसवली. चित्राचं नाव 'वेक टर्ब्युलन्स'. ते इतकं चाललं की पुढे त्याने जगातल्या इतर विमानतळांवर जाऊन 'एअरपोर्ट्रेट्स' नावाची अख्खी मालिका केली. कल्पना अगदी त्याचीच आहे असंही नाही. हो-योल र्यू या कोरियन कलावंताचं जर्मनीतल्या हॅनोवर विमानतळाचं असंच चित्र २००५ मधलं आहे. पण केलीचं चित्र बघताना एक गोष्ट जाणवते: त्याला विमानं आवडतात. शेपटीवरचा रंग, इंजिनांची संख्या, चाकं आत जाताना उघडलेली दारं, सगळं धारदार दिसतं. विमानं बघण्याचा छंद असलेल्या माणसाला त्यात तासभर हरवता येतं. मलाही येतं.

आता नावाकडे बघा. वेक टर्ब्युलन्स म्हणजे विमान पुढे गेल्यावर त्याच्या पंखांच्या टोकांपासून मागे राहिलेले हवेचे भोवरे. विमान जितकं जड तितके ते जोरकस. ते काही वेळ टिकतात आणि हळूहळू खाली बसत जातात. मागून येणारं हलकं विमान त्यात सापडलं तर उलटंपालटं होऊ शकतं. म्हणून जड विमान उडाल्यावर त्याच धावपट्टीवरून पुढचं विमान सोडायला दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. ए३८० साठी तर वेगळा वर्गच करावा लागला. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हे चित्र प्रत्यक्षात कधीच घडू शकत नाही, तीच गोष्ट चित्राच्या नावात आहे. दोन विमानांमधली ती दोन मिनिटं हा विमानतळाच्या कामाचा गाभा. चित्रातून काढून टाकलंय ते नेमकं तेच.

मला वाटतं, केलीला हे माहीत असावं आणि नाव त्याने म्हणूनच दिलं असावं. त्यामुळे खोटेपणाचा आरोप मी त्याच्यावर करत नाही. तो वाहतुकीचा अभ्यास करतोय असं त्याने म्हटलेलं नाही. गोंधळ आपण करतो. चित्र उचलतो, आणि खाली लिहितो: "एका दिवसाची वाहतूक".

चला, तसंच धरून चालू. हा एका दिवसाचा डेटा आहे असं समजा आणि रिव्ह्यूअरच्या खुर्चीत बसा.

पहिला प्रश्न: कुठे उभं राहून मोजलं? एलएएक्सला चार समांतर धावपट्ट्या आहेत, दोन उत्तरेला, दोन दक्षिणेला. साधारणपणे प्रत्येक जोडीतली आतली पट्टी उड्डाणासाठी, बाहेरची उतरण्यासाठी. विमानं बघणाऱ्यांची एक ठरलेली जागा म्हणजे दक्षिणेला, एल सेगुंडोच्या बाजूची इम्पीरियल हिल ही टेकडी. तिथेच का? कारण उत्तर गोलार्धात दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे कॅमेरा धरला की ऊन दिवसभर पाठीशी राहतं आणि विमानावर पडतं. फोटोसाठी उत्तम! पण तिथून समोर दिसतात त्या दक्षिणेच्या दोन पट्ट्या. उत्तरेच्या पट्ट्यांवरून जाणारी विमानं लांब, टर्मिनलच्या पलीकडे. उतरणारी विमानं हवी असतील तर लोक पूर्वेला, उत्तरेच्या पट्टीच्या टोकाशी असलेल्या बर्गरच्या दुकानाबाहेर जाऊन उभे राहतात. तिथे उडणारी विमानं हाती लागत नाहीत. म्हणजे जागा निवडली की नमुना निवडला गेला. आणि जागा कशावरून निवडली? उजेड बरा पडतो म्हणून.

दुसरा प्रश्न: कोणत्या वेळी? असं चित्र दिवसाउजेडी काढावं लागतं. पण एलएएक्सवरून ऑस्ट्रेलियाला आणि आशियाकडे जाणारी कितीतरी मोठी विमानं रात्री उशिरा निघतात, पॅसिफिक ओलांडून सकाळी पोचतील अशा हिशेबाने. मालवाहू विमानांचाही बराच धंदा रात्रीचा. शिवाय मध्यरात्रीपासून पहाटे साडेसहापर्यंत, वारा साथ देत असेल तर, तिथली पद्धतच वेगळी असते. शहराच्या लोकवस्तीवर आवाज नको म्हणून विमानं उतरतातही समुद्राकडून आणि उडतातही समुद्राकडे. म्हणजे दिवसा सगळी एकाच दिशेला जाताना दिसतात ती रात्री समोरासमोरच्या दिशांनी ये-जा करतात. उजेडातल्या चित्रावरून "एलएएक्सवर विमानं पश्चिमेकडे उडतात, पूर्वेकडून उतरतात" असं म्हणाल तर दिवसापुरतं बरोबर, आणि तेही समुद्रावरून वारा येत असेल तरच. सांता आना वारे सुटले की दिवसाही दिशा उलटते.

ढग, धुकं यांचं पुन्हा वेगळंच. ज्या दिवशी समुद्रावरून धुकं आत येतं त्या दिवशी छायाचित्रकार घरी बसतो, विमानं मात्र चालूच असतात.

हे सगळं "सॅम्पलिंग बायस" या दोन शब्दांत बसतं, तुम्हालाही माहीत आहे, नेट-सेटच्या पुस्तकात व्याख्या पाठ केलेली असते. गंमत अशी की व्याख्या पाठ असूनही तो चित्रात दिसत नाही, कारण चित्र भरलेलं दिसतं. रिकाम्या जागा असत्या तर विचारलं असतं की इथे काय नाही. शेकडो विमानांनी भरलेल्या आकाशाला कोणी विचारत नाही.

पण माझा खरा आक्षेप तिसरा आहे, वेळेचा.

इथे थोडं मागे जाऊ या, १८८२ मध्ये. एतिएन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. पक्षी उडतो कसा हे त्याला मोजायचं होतं. त्याने आधी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, सेकंदाला बारा चित्रं घेणारा. (फोटो "शूट" करण्याची कल्पना त्याने फारच शब्दशः घेतली होती!) मग त्याने दुसरी युक्ती काढली: एकच काच, तिच्यासमोर फटी पाडलेली फिरती तबकडी. फट समोर आली की उजेड आत, नाही तर अंधार. त्यामुळे धावणारा माणूस किंवा उडणारा पक्षी एकाच काचेवर अनेकदा उमटतो, एकापुढे एक. दिसायला अगदी केलीच्या विमानांसारखंच. एक आकाश, अनेक पंख.

फरक कुठे आहे? तबकडी ठरलेल्या वेगाने फिरते. म्हणून दोन प्रतिमांमधलं अंतर म्हणजे ठरलेला काळ. पट्टी घ्या, अंतर मोजा, वेग काढा. प्रतिमा जवळ आल्या म्हणजे पक्षी मंदावला, लांब गेल्या म्हणजे वेग वाढला. त्या एका काचेत वेळ गोठलेली नाही, ती अंतराच्या रूपात शिल्लक आहे.

आणि मारेलाही गर्दीची अडचण आलीच. तबकडीच्या फटी वाढवल्या की प्रतिमा एकमेकींवर चढायच्या, पाय कुठला आणि हात कुठला कळेना. त्याने काय केलं? माणसाला काळे कपडे घातले, हातापायांवर फक्त चमकदार पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढे पळवलं. काचेवर माणूस उमटलाच नाही, उमटल्या नुसत्या रेघा. चेहरा गेला, कपडे गेले, जे बघायला छान ते सगळं गेलं. राहिली ती हालचाल, आणि ती मोजता आली.

केलीने बरोबर उलटा सौदा केला. त्याने प्रत्येक विमानाचा तपशील राखला आणि मधला काळ टाकून दिला. चित्रात दोन विमानं शेजारी आहेत याचा अर्थ ती दोन मिनिटांच्या अंतराने उडाली की पाच तासांच्या, हे चित्रातून काढता येत नाही. एक विमान वर आहे आणि एक खाली, म्हणजे वरचं जास्त वेगाने चढलं का? की त्या क्षणी बटण उशिरा दाबलं गेलं? विमानं बघणारे तुम्हाला सांगतील की चार इंजिनांचं ए३४० जड चढतं आणि बोइंग ७५७ झपकन वर जातं. चित्र बघून ते "हो, दिसतंय" म्हणतील. पण ते त्यांना आधीपासून माहीत होतं. चित्राने ते सांगितलेलं नाही.

हा फरक माझ्या मते कलावंत विरुद्ध शास्त्रज्ञ असा नाही. मारेची चित्रंही सुंदर आहेत, आणि पुढच्या चित्रकारांनी त्यांतून बरंच उचललं. फरक एवढाच की एकाने चित्रातून काय जाऊ द्यायचं हे प्रश्न बघून ठरवलं. दुसऱ्यापुढे असा प्रश्नच नव्हता, म्हणून जे दिसायला हवं तेवढं ठेवलं. चित्र म्हणून ते चालतं. माझ्या स्लाइडवर चालायला नको होतं.

आता माझं सांगते.

मी वातावरणशास्त्रात पीएचडी करते. शहराच्या हवेचा जो खालचा थर असतो, ज्यात धूर-धूळ मिसळली जाते, त्याची उंची मी लेसरच्या उपकरणाने मोजते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस समितीसमोर प्रेझेंटेशन होतं. पहिली स्लाइड: हा विमानांचा फोटो. खाली कोटी केली होती: "आकाश किती भरलेलं असतं!" चौथ्या स्लाइडवर माझा प्लॉट: शंभराच्या वर दिवसांच्या रेघा एकावर एक चढवलेल्या, हलक्या निळ्या रंगात, मधून एक जाड लाल सरासरी. दिसायला फार सुरेख झाला होता. निष्कर्ष: मिश्रणाचा थर बहुतेक वेळा एक किलोमीटरच्या वर असतो, त्यामुळे प्रदूषकांना पसरायला वाव मिळतो.

समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "रात्रीच्या रेघा कुठल्या रंगात आहेत?"

रात्रीच्या रेघा नव्हत्याच. उपकरण हाताने चालू करावं लागायचं, लॅबची किल्ली सकाळी दहाला मिळायची आणि सहाच्या आत परत द्यावी लागायची. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, थर काही शे मीटरवर येऊन बसतो, धूर त्यातच कोंडतो आणि सकाळी लोकांच्या नाकात जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, एम.एस्सी.ला शिकले होते! पण शंभर रेघांनी प्लॉट इतका भरला होता की त्यात अर्धा दिवस नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि ज्या निष्कर्षावर मी पेपर लिहायला घेतला होता तो उजेडाचा निष्कर्ष होता. लोक ज्या वेळी सगळ्यात वाईट हवा ओढतात ती वेळ त्यात नव्हतीच.

मॅडमनी पुढे विमानांच्या फोटोबद्दल एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान हसून तरी घेतलं असतं. पेपर बाजूला ठेवला, रात्रीची परवानगी मिळवायला चार महिने गेले, आणि नवा प्लॉट बघायला अगदी कंटाळवाणा आहे. चोवीस चौकोन, तासाला एक.

कंटाळवाण्या नोंदींची गोष्ट निघालीच आहे तर विमानांच्या साध्या फोटोंकडे वळू. विमानं बघणारे बहुतेक लोक केलीसारखं काही करत नाहीत. ते कुंपणाबाहेर उभे राहतात, एक विमान, एक फोटो. बाजूने काढलेला, शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक वाचता येईल असा. खाली लिहितात: क्रमांक, प्रकार, जागा, तारीख. असे हजारो फोटो आहेत आणि बहुतेक एकमेकांसारखे आहेत. समीक्षक त्यांच्याकडे बघतही नाहीत.

अशाच एका फोटोत जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एक पांढरं बोइंग ७३७ उभं आहे, क्रमांक एन३१३पी. फोटो म्हणून त्यात काही नाही. त्याच सुमाराला खालेद अल-मास्री नावाच्या जर्मन नागरिकाला मॅसेडोनियात पकडून, स्कोप्ये विमानतळावर सीआयएच्या हवाली करून, अफगाणिस्तानात नेलं गेलं. माणूस चुकीचा होता. सुटून आल्यावर त्याने सांगितलेली हकीकत सुरुवातीला फारशी कोणी खरी मानली नाही. पुढे पत्रकारांनी विमानांच्या प्रवासाच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा हे विमान पाल्माहून स्कोप्येला गेल्याचं निघालं, आणि ते पाल्मात होतं याचा फोटो एका छंदी माणसाकडे तारखेसह पडलेला होता. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

त्या विमानाचा क्रमांक नंतर बदलून एन४४७६एस केला गेला. तशाच कामाला वापरलेल्या एका गल्फस्ट्रीम जेटचाही क्रमांक एन३७९पी वरून दोनदा बदलला. पण छंदी लोक नोंदणी क्रमांकाबरोबर कारखान्याचा अनुक्रमांकही टिपतात, आणि तो विमान जन्मल्यापासून मरेपर्यंत बदलत नाही. त्यामुळे नवं नाव घेतलेलं जुनं विमान त्यांच्या वह्यांत लगेच ओळखू आलं. तुमच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर तुम्ही काय लिहिता ते जरा आठवून बघा. "सॅम्पल ३ नवीन"?

साध्या नोंदींची ताकद सरकारांनाही कळते, कधीकधी जरा जास्तच. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं, पुढच्या एप्रिलमध्ये शिक्षाही झाली, आणि अपिलात नोव्हेंबर २००२ मध्ये सगळे सुटले. आपल्याकडे तर जपूनच राहा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभं राहणं हा संशोधनाचा भाग होऊ शकत नाही, "सर, मी डेटा गोळा करतोय" म्हटलं तरी. आता विमानं स्वतःच आपली जागा रेडिओवरून सांगत असतात, छतावर छोटा अँटेना लावून ते ऐकता येतं, आणि जगभरच्या अशा अँटेनांचा डेटा संशोधकांना मिळतोही. मात्र तिथेही पहिला प्रश्न तोच: अँटेना कुणाच्या छतावर आहेत? जिथे छंदी लोक राहतात तिथे आकाश भरलेलं दिसतं. समुद्रावर आणि वाळवंटावर रिकामं.

मागच्या दिवाळीत कुर्ल्याला मावशीकडे गेले होते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं तिच्या गच्चीवरून इतकी खाली दिसतात की चाकं मोजता येतात. लहानपणी मी आणि मावसभाऊ, आमचा दादा, तिथे बसून विमानं लिहायचो. मावशीने ती वही जपून ठेवली होती. उघडली तर प्रत्येक पानावर वेळ आणि कंपनी: "४.१० जेट. ४.१३ इंडियन. ४.१७ सहारा." सुरेख अक्षर, दादाचं. तारीख एकाही पानावर नाही.

मग बसलो दोघं. एका पानावर किंगफिशर आहे, ती मे २००५ मध्ये सुरू झाली. त्याच पानावर सहारा आहे, आणि एप्रिल २००७ मध्ये तिची जेटलाइट झाली. म्हणजे ते पान या दोन वर्षांतलं. सगळ्या वेळा चार ते सहामधल्या, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या. आणि विमानं आमच्या डोक्यावरून उतरतायत, म्हणजे वारा पश्चिमेचा. दादा म्हणाला, "पावसाळा असेल." मी म्हटलं, मुंबईत दुपारी चारला समुद्रावरून वारा तर जानेवारीतही येतो. त्याने पान उजेडात धरून पाण्याचा डाग शोधला. डाग होता, पण चहाचा.